अंगण वाकडं होतं, रामिरो

रामिरो, तू खेळाडू म्हणून बेताचा होतास आणि कोच म्हणून त्याहून बेताचा. हे कुणीतरी बोलायला हवं. रविवारी क्लबच्या दिवाणियात, म्हणजे बैठकीच्या दालनात, तुझ्यासाठी सगळे जमले होते, पण एकाच्याही तोंडून खरं निघालं नाही. ज्यांनी तुला हाकललं तेच खजूर खात तुझ्या फुटबॉलच्या डोक्याची तारीफ करत होते. मेल्या म्हशीला मणभर दूध, असं आमच्याकडे म्हणतात. जिवंतपणी तू शेरभर तरी दिलंस का, हे मला विचारा म्हणावं. मैदानाची देखभाल मी करतो. तुझे सगळे सामने मी उन्हात उभं राहून पाहिलेत.

बातमी हमीदभाईंनी आणली. टीमची बस चालवतात ते, बाणकोटकडचे. मी सकाळचे फवारे बंद करत होतो. ते बस उभी करून चालत आले आणि माझ्या हातातला पाइप काढून घेऊन म्हणाले, "दत्ताराम, तुजा कॅप्टन गेला रे. सकाली फिंतासला दर्याकडंनं चालत व्हता. बाकड्यावर बसला तो बसलाच." इथे कोचलाही कॅप्टनच म्हणतात, म्हणून तू आमचा कॅप्टन. मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? राग आला. दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता, आपलं त्याच बाकड्यावर भेटायचं ठरलं होतं, आणि तीन वर्षं तोंडात धरून ठेवलेली एक गोष्ट मी या शुक्रवारी तुला सांगणार होतो. असं मी आधीच्या कितीतरी शुक्रवारीही ठरवलं होतं म्हणा. तरीही तुला एक दिवस थांबायला काय झालं होतं?

तुझी कारकीर्द तू मला इतक्या वेळा ऐकवलीस की ती आता मी तुझ्यापेक्षा बरी सांगेन. मेक्सिकोतलं कुठलंसं धुळकट गाव. बाप गवंडी. तुझा डावा पाय बरा, उजवा नुसता उभं राहण्यापुरता. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तू दहा-बारा वर्षं घासलीस. वरच्या डिव्हिजनमध्ये जायचा एकच सामना वाट्याला आला, त्यात शेवटच्या मिनिटाला पेनल्टी मिळाली, ती तू मारलीस आणि चेंडू दांडीवरून प्रेक्षकांत गेला. त्यानंतर गुडघा गेला, मग तू कोच झालास. तीन देशांत कुणाचा तरी असिस्टंट होतास, आणि प्रत्येक ठिकाणी टीम हरली की पहिल्यांदा तुलाच घरी पाठवत. शेवटी गल्फ. गल्फ सगळ्यांना घेतं, मला घेतलं तसं.

आणि ही कहाणी दर वेळी एकाच वाक्यावर संपायची. तू मान हलवायचास आणि म्हणायचास, "पॉइंट दूर था, मेस्त्रो."

तिकडच्या मैदानाची रेघ मारणारा म्हातारा दारुडा होता म्हणे. त्यानं पेनल्टीचा ठिपका लांब टाकला आणि तुझं आयुष्य वाया गेलं. चुन्याची बादली घेऊन उन्हात वाकणाऱ्या माणसावर तू तुझी सगळी कारकीर्द ढकललीस. मी स्वतः तेच काम करतो, त्यामुळे मला हे ऐकून कसं वाटत असेल हा विचार तुझ्या रंगवलेल्या केसांच्या डोक्यात कधी आला नाही. मी एकदा तुला आमची म्हण ऐकवली, नाचता येईना अंगण वाकडं. हिंदीत समजावून सांगितली. अंगण म्हणजे काय ते कळेना, तेव्हा मी मैदानाकडे बोट दाखवलं. कळल्यावर दोन दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. मला ते दोन दिवस फार बरे गेले.

मला तू मेस्त्रो म्हणायचास. तुमच्याकडे गवंड्याला अशीच हाक मारतात, तुझ्या बापालाही हेच म्हणायचे. आमच्याकडे मेस्त्री म्हणतात, म्हणून मला ते कधी परकं वाटलं नाही. मी लांज्याकडचा गवंडी, इथे बांधकामाच्या कॉन्ट्रॅक्टवर आलो, क्लबची कंपाउंड वॉल बांधली आणि मैदानावरच राहिलो. दोरी, काटकोन बघायचा गुण्या आणि स्टीलची टेप या तीन वस्तू मी गावाहून आणल्या होत्या. माझ्या रेघा अख्ख्या कुवेतमध्ये सरळ, असं मी म्हणायचो आणि कुणी नाही म्हणायचं नाही.

तू सोडून. प्रत्येक सामन्याआधी तू गोलच्या रेघेपासून ठिपक्यापर्यंत पावलाला पाऊल लावून चालायचास. टाच, चवडा, टाच, चवडा, तोंडानं पुटपुटत. पंचसुद्धा हसायचे. मग माझ्याजवळ येऊन तू ऐकवायचास, "बाकी सब ग्राउंड में अडतीस बूट. इधर अडतीस और थोड़ा. आधा हाथ दूर है, मेस्त्रो." तुझा हात म्हणजे पंजा, आमची वीत. मी म्हणायचो, कॅप्टन, तुझा बूट आखूड. टेप आणू? तर तू हात झटकायचास. तुझा टेपवर विश्वास नव्हता आणि माझा बुटावर नव्हता. असं आपलं तीन सीझन चाललं.

कोच म्हणून तर बोलायलाच नको. दहा माणसं गोलसमोर उभी करायची आणि अकराव्याला देवावर सोडायचं. तू कोच नव्हतास, वॉचमन होतास. शून्य-शून्य झालं की लग्न लागल्यासारखा सगळ्यांशी हात मिळवत फिरायचास. हमीदभाई बसमध्ये म्हणायचे, "ह्याच्यापरीस माझी बस जास्त फुडं जाते."

खैरानचं आठवतं? मुदीरनं, म्हणजे आपल्या मॅनेजर अबू फहदनं, सगळ्या स्टाफला तिकडच्या शॅलेवर, समुद्राकाठच्या बंगल्यावर, नेलं होतं. तू म्हणालास, मासा मी करणार. मला वाटलं, चला, समुद्राकाठचा माणूस दिसतोय. तू चांगला ताजा हमूर घेतलास, त्याचे बारीक तुकडे केलेस, लिंबं पिळलीस, कांदा-मिरची टाकलीस आणि ताटली पुढे केलीस. ना चूल, ना तवा, ना हळदीचं बोट. मी आणि हमीदभाई एकमेकांकडे बघत राहिलो. कोकणातल्या दोन माणसांना कच्चा मासा वाढणारा तू पहिलाच. आम्ही तो मासा तुझ्या पाठीमागे तव्यावर टाकला, तुला ते कळलं आणि तू आम्हाला रानटी म्हणालास. पण कैरी, मीठ आणि तिखट यावर मात्र आपलं जमलं. त्या बाबतीत तू माणूस होतास एवढं मी लिहून देतो.

आणखी एक लिहून देतो. माझी आई गेली तेव्हा मला जाता आलं नाही. सुट्टीचे कागद पुरे होईपर्यंत गावाकडे सगळं उरकलं होतं. त्या दिवशी तू सराव असिस्टंटवर सोपवलास आणि पायऱ्यांवर माझ्याशेजारी येऊन बसलास. दोन तास एक शब्द बोलला नाहीस, हेही तुझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं. त्या दिवशी टीमनं सीझनमधला सगळ्यात चांगला सराव केला, कारण तू मैदानात नव्हतास. दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यातला झेंडा तिरका आहे म्हणून माझ्यावर ओरडलास, आणि मला जरा हलकं वाटलं.

आता त्या सामन्याचं. कपचा सेमीफायनल, आपल्याच मैदानावर. तुझ्या कृपेनं शून्य-शून्य चाललेलं. मुदीर सोबत पाहुणे घेऊन बसला होता. शेवटी शेवटी पेनल्टी मिळाली, आपल्या लेफ्ट विंगरनं मारली, चेंडू वरच्या दांडीला लागून परत आला. मग त्यांनी पळत जाऊन आपल्याकडे गोल केला आणि संपलं. विंगर बाहेर येताना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "पॉइंट दूर है." मी तुझ्याकडे पाहिलं. म्हटलं, घ्या, वारस मिळाला. मला खरंच हसू आलं होतं, रामिरो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू एकटाच मैदानावर आलास. हातात एक कागद होता, नियमांच्या पुस्तकातलं मैदानाचं चित्र छापून आणलेलं. माझ्याकडे टेप मागितलीस, आयुष्यात पहिल्यांदा. मी टेपचं टोक नेहमीप्रमाणे गोलरेघेच्या आतल्या कडेला धरलं. तू वाकलास, माझा हात धरलास आणि टोक सरकवून रेघेच्या बाहेरच्या कडेला नेलंस. रेघ अर्धी वीत रुंद असते. तू टोक तिथे दाबून धरलंस आणि मी टेप ठिपक्यापर्यंत ओढत नेली. नियमाचे अकरा मीटर ठिपक्याच्या अलीकडेच, अर्ध्या वितीवर संपले.

मी भांडायला गेलो. म्हटलं, माप आतून आतून घ्यायचं असतं. खोलीचं माप घेताना भिंत धरतात का? पन्नास घरं बांधलीत मी. तू कागदावर बोट ठेवलंस आणि तुझ्या मोडक्या हिंदीत म्हणालास, "मेस्त्रो, ये दीवार नहीं. लाइन भी ग्राउंड है." एवढंच. गोलसमोरच्या पेटीच्या रेघा मी जुन्या खुंट्यांवरून मारत होतो, त्या बरोबर होत्या. पण नवी हिरवळ घातली तेव्हा दोन्ही ठिपके मी स्वतः मांडले होते, गवंड्याच्या मापानं. तीन सीझन सगळे जण चुकीच्या जागेवरून पेनल्टी मारत होते आणि तुझ्या त्या आखूड बुटाशिवाय कुणालाही ते कळलं नव्हतं. तू कागदाची घडी घातलीस, खिशात ठेवलीस आणि निघून गेलास.

दुपारच्या नमाजानंतर मुदीरनं आपल्याला दोघांनाही ऑफिसात बोलावलं. माझी खात्री होती की आता तू कागद काढणार. का काढू नयेस? आयुष्यभर तू ज्याच्या नावानं खडे फोडत होतास तो रेघ मारणारा आता सापडला होता, समोर उभा होता, हातात टेप घेऊन. तुझी नोकरी वाचली असती. माझा मात्र अकामा, म्हणजे राहायचा परवाना, कॅन्सल होऊन परतीचं तिकीट हातात आलं असतं, आणि मुलीचं नर्सिंगचं दुसरंच वर्ष चालू होतं. मुदीरनं गहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, पेला बाजूला ठेवला आणि मला विचारलं, "दत्ता, सच बोलो. पॉइंट सही था?"

मी तोंड उघडलं होतं. काय बोलणार होतो ते मला आजही माहीत नाही. खरं बोललो असतो असं मी स्वतःला सांगत असतो. पण तूच मध्ये बोललास. "पॉइंट सही. मैंने खुद नापा. अडतीस बूट." आणि मग म्हणालास, "आधा हाथ इधर, आधा हाथ उधर, क्या फरक? जिसको मारना आता है, वो मारता है. मैंने गलत आदमी को भेजा."

मुदीरला कुणाच्या तरी नावावर हे टाकायचंच होतं. तुझ्या नावावर टाकलं. दहा मिनिटांत काम झालं.

बाहेर पार्किंगमध्ये आपण दोघं उभे होतो. तिथे मी तुझे पाय धरायला हवे होते. निदान एक शब्द बोलायला हवा होता. मी काय बोललो? मी म्हणालो, "काय कॅप्टन, आज बूट मोठा झाला?" तोंडातून टवाळीच निघाली. तू हसलास, गाडीचं दार उघडलंस आणि म्हणालास, "पॉइंट ठीक करो, मेस्त्रो." त्याच संध्याकाळी मी दोन्ही ठिपके खरवडून अर्धी वीत आत घेतले. आजूबाजूला कुणी नाही ना हे आधी बघून घेतलं.

त्यानंतर तुला रुमैथियाच्या एका अकॅडमीत काम मिळालं. बड्या लोकांच्या मुलांना रांगेत उभं करायचं, दर चुकीला व्हेरी गुड म्हणायचं. तुझ्या लायकीचंच काम होतं ते, मी तुला तोंडावर म्हणालो होतो. दर शुक्रवारी फिंतासच्या बाकड्यावर आपण बसायचो, डब्यात कैरी नाहीतर काकडी, वर तुझं लिंबू आणि माझं तिखट. आपण सगळ्यावर भांडलो. तुझ्या पंचांवर, आमच्या क्रिकेटवर, हमीदभाईंच्या गाडी चालवण्यावर. त्या एका दुपारवर कधी नाही. दोनदा मी सुरुवात केली. एकदा तुझा फोन वाजला, आणि एकदा काहीच वाजलं नाही, मीच गप्प झालो.

तुला मूर्ख म्हणायला मी कधी कचरलो नाही, आणि आजही म्हणतो. तुझी नोकरी घालवून माझी ठेवलीस, हा मूर्खपणा मला त्याच दिवशी कळला होता. दुसरा मूर्खपणा रविवारी कळला. दिवाणियात मुदीर तुझ्या त्या जुन्या पेनल्टीची गोष्ट रंगवून सांगत होता. "बेचारा कॅप्टन, पूरी जिंदगी बोला, पॉइंट दूर था." सगळे हसले. मीही हसणार होतो, आणि माझ्या लक्षात आलं की त्या दिवसापासून ही गोष्ट तू मला एकदाही सांगितली नव्हतीस. तीन वर्षं, इतके शुक्रवार, एकदाही नाही. अर्ध्या हातानं काही फरक पडत नाही हे मुदीरसमोर बोललास, तेव्हा तू फक्त त्या विंगरचं बोलत नव्हतास. तुझी स्वतःची पेनल्टीही तू त्यातच हरलास. तोवर तुझ्याकडे निदान तो दारुडा म्हातारा होता. मला वाचवताना तू त्यालाही सोडून दिलंस आणि मग उरलास नुसता पेनल्टी चुकवणारा खेळाडू. कोण करतं असं? बायको-पोरांसाठी कुणी करणार नाही ते तू एका गवंड्यासाठी केलंस, ज्यानं तुझ्या बुटाची तीन वर्षं टर उडवली.

तो म्हाताराही आधी गवंडी असेल का, हे आता मला कुणाला विचारता येणार नाही.

मी उठून उभा राहिलो. दिवाणियात आम्ही लोक सहसा उभे राहून बोलत नाही. मी म्हणालो, "मुदीर, उस दिन सेमीफायनल में पॉइंट गलत था. मेरी गलती थी. कॅप्टन को मालूम था." इतकी वर्षं ज्या वाक्याला मी घाबरलो ते इतकं लहान निघालं. मुदीर उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांकडे वळून म्हणाला, "देखो, दत्ता कितना अच्छा आदमी है. मरे हुए दोस्त का इज्जत रखता है." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सांगत राहिलो, आतली कड, बाहेरची कड, खोलीचं माप. कुणी ऐकेना. एकानं मला स्वतःच्या हातानं चहा दिला. हमीदभाई तेवढे खाली बघत बसले होते. त्यांना कळलं असावं.

म्हणजे बघ, कबुलीसुद्धा मला फुकट पडली. वर चांगला माणूस म्हणून नाव झालं, तुझ्या जिवावर. बसमध्ये हमीदभाई फक्त एवढंच म्हणाले, "जित्या माणसाला सांगायचं व्हतंस रे."

परवा तुला विमानात घातलं. शेवटच्या दिवसांत पायात होते तेच बूट सोबत गेलेत, मी विचारून घेतलं.

काल संध्याकाळी सराव होता. नवा स्ट्रायकर आलाय, तुझ्याहून मोठ्या तोऱ्याचा. पाच पेनल्ट्या मारल्या, तीन बाहेर गेल्या. शेवटची दांडीवरून गेली तेव्हा माझ्याकडे वळून म्हणाला, "पॉइंट दूर है." म्हण माझ्या तोंडात आलीच होती, नाचता येईना. मी ती गिळली. खोलीतून टेप आणली, सगळ्यांसमोर गुडघे टेकून टोक रेघेच्या बाहेरच्या कडेला धरलं आणि ठिपक्यापर्यंत नेलं. अकरा मीटर, चोख. तो तुझ्यासारखाच गाढव निघाला. पण मी आधी मोजलं, रामिरो.